बिलावर तारीख कुठे आहे?

जीएसटीच्या नियमावलीतला ४६ वा नियम टॅक्स इन्व्हॉइसवर काय काय हवं ते सांगतो. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, सोळा अक्षरांपेक्षा लांब नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा बिल नंबर, बिलाची तारीख, घेणाऱ्याचा तपशील, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा ठरावीक क्रमांक), मालाचं वर्णन, नग, करपात्र रक्कम, कराचा दर, कराची रक्कम, सही. यादी लांबलचक आहे. तीत एक गोष्ट मात्र नाही. पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, ते छापा असं नियम कुठेच म्हणत नाही.

का म्हणेल? सरकारला त्या तारखेशी देणंघेणं नाही. मालाचं बिल फाटलं की त्यावरचा कर पुढच्या महिन्यात भरायचाच, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ७०,८०० रुपयांचं बिल असेल, तर त्यातले १०,८०० रुपये कराचे. ते आधी आपल्या खिशातून (किंवा क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेल्या कराच्या वजावटीतून) जातात आणि गिऱ्हाइकाकडून यायचे तेव्हा येतात.

मी भोसरी आणि चाकण भागातल्या लहान वर्कशॉपची हिशेबाची पुस्तकं सांभाळतो. दहा-बारा माणसांचे कारखाने, मालक स्वतः मशीनवर उभा, आणि संध्याकाळी टॅलीसमोर बसून बिलं काढणारा एखादा मुलगा. या सगळ्यांची बिलं जवळजवळ सारखी दिसतात, कारण ती त्या ४६ व्या नियमाला उत्तर देण्यासाठी बनलेली असतात. वर नाव आणि देवाचं चित्र, मधे चौकटींचं जाळं, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ‘मुदतीत पैसे न आल्यास २४ टक्के व्याज’, ‘वाद फक्त पुणे न्यायकक्षेत’, ‘चू.भू.दे.घे.’ जीएसटी अधिकाऱ्याला या बिलात काही खोट काढता येणार नाही. पण पैसे जीएसटी अधिकारी देत नाही. पैसे देणारा माणूस गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसलेला असतो, त्याच्या टेबलावर अशी दीडशे बिलं असतात, आणि आपल्या बिलाचं नेमकं काय करायचं हे त्याला त्या कागदावरून कळत नाही.

पेमेंट उशिरा येतं याची मला तरी दोनच मोठी कारणं दिसली आहेत. एक, गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत किंवा त्याला ते द्यायचे नाहीत. याला बिलाची रचना काय करणार? दुसरं, बिल कुठेतरी अडकलंय आणि ते अडकलंय हे आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. मालक मंडळी सगळा उशीर पहिल्या खात्यात टाकतात आणि गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडतात. प्रत्यक्षात दुसऱ्या खात्यातलं भिजत घोंगडं बरंच मोठं असतं, आणि ते आपल्या हातात असतं.

लाइट बिलाकडून शिकण्यासारखं

बोलकं बिल पाहायला लांब जायला नको. घरातलं महावितरणचं बिल काढा. देखणं आहे असं कोणी म्हणणार नाही. पण त्यावर किती भरायचे आणि कधीपर्यंत, हे दोन आकडे शोधावे लागत नाहीत. शिवाय तीन रकमा असतात: लवकर अमुक तारखेपर्यंत भरल्यास एवढे, देय दिनांकापर्यंत एवढे, आणि त्यानंतर भरल्यास एवढे. हिशेब गिऱ्हाइकाने करायचा नाही, तो आधीच करून दिलाय. ग्राहक क्रमांक एकच, बारा आकडी, वर्षानुवर्षं तोच. कुठल्याही अॅपमध्ये टाकला की बिल समोर येतं.

आता यात एक गोम आहे. महावितरण लाइट कापू शकतं. आपण कोणाचं काय कापणार? तरीही तारीख, रक्कम आणि भरायची वाट या तीन गोष्टी एका नजरेत देणं आपल्यालाही फुकट जमतं.

आपल्या बिलावर बहुतेकदा काय असतं, तर ‘पेमेंट : ३० दिवस’. हे वाचायला स्पष्ट वाटतं, पण कोणते तीस दिवस? समजा शीट मेटलच्या ब्रॅकेटचं ६०,००० रुपयांचं बिल आहे, १८ टक्के कर धरून ७०,८००. बिलाची तारीख ३ जुलै २०२५. माल गिऱ्हाइकाच्या स्टोअरमध्ये ४ जुलैला नोंदला गेला. तुम्ही बिलापासून मोजता, म्हणजे पैसे २ ऑगस्टला हवेत. गिऱ्हाइकाचा परचेस विभाग माल नोंदल्यापासून मोजतो, म्हणजे ३ ऑगस्ट, आणि तो रविवार. अकाउंट्स विभाग महिनाअखेरपासून मोजतो, कारण त्यांच्या सिस्टममध्ये तसंच आहे. तिथे ३० ऑगस्ट निघतो. त्यात कंपनीची पेमेंटं महिन्यातून एकदाच, दहा तारखेला सुटत असतील, तर पैसे १० सप्टेंबरला. तुम्ही २ ऑगस्टपासून फोन करताय, समोरचा खरोखर गोंधळलाय की हा माणूस एवढा उतावीळ का झालाय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

म्हणून दिवस लिहू नका, तारीख लिहा. ‘देय दिनांक : २ ऑगस्ट २०२५’. महिना अक्षरांत लिहिलेला बरा. ०२/०८ हे परदेशी गिऱ्हाइकाला ८ फेब्रुवारी वाटू शकतं. आणि ती तारीख एकूण रकमेच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत टाका. बिलाच्या तळाशी अटींच्या गर्दीत पुरलेली तारीख कोणी उकरून काढत नाही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्रेडिट पीरियड (उधारीची मुदत) टाकायची सोय असते, छापील फॉर्मॅटमध्येही फेरफार करता येतो. मुलाला अर्धा दिवस लागेल, लागू दे.

बिल जातं कुठे

मालकांना वाटतं बिल ‘कंपनीला’ जातं. कंपनी नावाचा माणूस नसतो. बिल आधी गेटवर जातं, तिथे मालासोबतचं डिलिव्हरी चलन पाहून गाडी आत सोडतात. मग स्टोअर. स्टोअरवाला नग मोजतो आणि माल मिळाल्याची नोंद करतो, तिला जीआरएन म्हणतात. मग क्वालिटीचा शेरा. मग अकाउंट्स. अकाउंट्समधला माणूस तीन कागद शेजारी ठेवतो: परचेस ऑर्डर, जीआरएन आणि तुमचं बिल. तिन्हींवरचा आयटम, नग आणि दर जुळला की बिल ‘पास’. एखादी गोष्ट जुळली नाही की बिल बाजूच्या ट्रेमध्ये. त्या ट्रेमधल्या बिलांना कोणी फोन करत नाही.

म्हणजे बिल पास होतं ते जुळवणी सोपी असल्याने. रंग, लोगो, गुळगुळीत कागद यांचा इथे काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो परचेस ऑर्डरचा नंबर बिलावर ठळक असण्याचा. मालाचं नाव तुमच्या वर्कशॉपमध्ये ‘एल पट्टी मोठी’ असेल, बिलावर मात्र ते ऑर्डरमध्ये जसं आहे तसंच, त्यांच्या पार्ट नंबरासकट यायला हवं. ऑर्डरमधले आयटम ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने बिलावर टाका. जुळवणाऱ्याचं बोट दोन्ही कागदांवर एकाच वेळी खाली सरकतं. ऑर्डर किलोत असेल तर बिल नगात करू नका. दर मधेच वाढला असेल, तर आधी सुधारित ऑर्डर घ्या. वाढीव दराने बिल पाठवून ‘बोलणं झालं होतं’ म्हणणं, ही पेमेंट अडकवण्याची खात्रीची पद्धत.

एका ऑर्डरचं एक बिल, हेही पाळावं. तीन ऑर्डरींचा माल एका बिलात कोंबला की एका आयटमच्या रिजेक्शनपायी तिन्हींचे पैसे थांबतात. माल खराब निघालाच तर वाद तेवढ्या नगांचाच राहावा. त्यांची डेबिट नोट (एवढे पैसे कापतो असा कागद) येऊ द्या, आपण क्रेडिट नोट (एवढे सोडले असा कागद) देऊ, पण उरलेलं बिल चालू राहिलं पाहिजे.

बिल नंबरबद्दलही जरा. नियम सोळा अक्षरांची मुभा देतो म्हणून सोळाच्या सोळा वापरायची गरज नाही. तिरप्या रेघा, आडव्या रेघा, कारखान्याची आद्याक्षरं, वर्ष, महिना असं सगळं गुंफलेलं प्रकरण समोरच्याला हाताने टाइप करावं लागतं. एक शून्य चुकलं की पेमेंट कुठल्या बिलाचं आलं ते आपल्यालाही कळत नाही. २०२५-२६ साठी ‘२५२६’ आणि पुढे चार आकडे, बस झालं.

मग ईमेल. रोज डझनभर बिलं ‘इन्व्हॉइस.पीडीएफ’ याच नावाने येतात. फाइलच्या नावात तुमच्या कारखान्याचं नाव, बिल नंबर आणि ऑर्डर नंबर असला, तर तीन महिन्यांनी शोधणाऱ्यालाही ती सापडते. विषयाच्या ओळीत रक्कम आणि देय दिनांक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिल माल गेला त्याच दिवशी पाठवा. महिनाअखेरीला एकदम सगळी बिलं काढणारे लोक स्वतःच स्वतःला तीन आठवड्यांची उधारी लावून घेतात आणि मग गिऱ्हाइकाला दोष देतात.

कराचं अडलेलं घोडं

एक कारण इतकं छुपं आहे की त्यावर जरा थांबतो. तुमच्या बिलातल्या १०,८०० रुपये कराचं क्रेडिट गिऱ्हाइकाला हवं असतं, आणि ते तुम्ही तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ते बिल दाखवल्याशिवाय त्याला मिळत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला त्याच्यासाठी जीएसटीआर-२बी नावाचा तक्ता तयार होतो. त्यात तुमचं बिल दिसलं की क्रेडिट पक्कं. म्हणून बऱ्याच कंपन्यांनी सरळ नियम केलाय: बिल २बी मध्ये दिसेपर्यंत पैसे नाहीत, किंवा निदान कराची रक्कम नाही.

आता उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना तिमाही रिटर्नची सवलत आहे. लहान कारखाने ती आनंदाने घेतात, कटकट कमी. पण त्यामुळे जुलैचं बिल ऑक्टोबरात भरलेल्या रिटर्नमध्ये जातं, आणि तोवर गिऱ्हाइकाच्या तक्त्यात तुमचा पत्ताच नसतो. उपाय त्याच योजनेत आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ नावाच्या सोयीतून अपलोड करता येतात. ही सोय ऐच्छिक असल्याने अनेक जण ती सोडून देतात. तुमची गिऱ्हाइकं कंपन्या असतील तर सोडू नका.

उलट दिशेचा एक नियम आपल्या बाजूने आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. त्यामुळे दीडशेव्या दिवशी पाठवलेलं ‘या बिलाचे १८० दिवस अमुक तारखेला पूर्ण होतात’ हे एक ओळीचं पत्र, तुमच्या दहा फोनांपेक्षा त्यांच्या अकाउंट्सवाल्याला जास्त लवकर हलवतं.

मजुरीचं काम करणाऱ्यांनी आणखी एक आकडा बिलावर दाखवावा. अशा बिलातून गिऱ्हाइक टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतं. मालक एकटा असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. कर वेगळा दाखवलेला असेल तर ही कपात मूळ रकमेवर होते, जीएसटीवर नाही. बिलाच्या शेवटी ‘टीडीएस वजा जाता देय रक्कम’ अशी ओळ दिली, की त्यांची आकडेमोड वाचते आणि कमी आलेल्या सहाशे रुपयांवरून होणारा पत्रव्यवहारही.

पैसे द्यायची वाट

बिल पास झालं, आता पैसे पाठवायचे. इथे बँकेचं नाव, खात्याचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड एका चौकटीत, वाचता येतील अशा अक्षरांत हवेत. खाते क्रमांक चार-चारच्या गटांत तोडून छापला तर टाइप करताना चूक कमी होते. खात्याचं नाव बँकेत आहे तेच. बिलावर ‘एंटरप्रायझेस’ आणि बँकेत ‘इंडस्ट्रीज’ असं असेल तर समोरचा थबकतो, आणि थबकावंच. खातं बदललंय असा खोटा मेल पाठवून पैसे दुसरीकडे वळवण्याची फसवणूक आता सर्रास होते. तुमचं खातं खरोखर बदललं असेल तर नुसतं बिलावर बदलू नका, रद्द केलेला चेक आणि लेटरहेडवर पत्र द्या. आणि गिऱ्हाइकाला सांगून ठेवा की असा मेल आला तर आधी फोन करून खात्री करा.

यूपीआयचा क्यूआर छापणार असाल तर त्यात रक्कम आणि बिल नंबर आधीच भरून ठेवता येतो. स्कॅन केलं की आकडा समोर, फक्त पिन टाकायचा. मात्र एका दिवसाची मर्यादा साधारणपणे एक लाखाची, त्यामुळे मोठ्या बिलांना एनईएफटी किंवा आरटीजीएसच. दोन्ही सेवा आता चोवीस तास, रविवारीही चालतात. तेव्हा ‘आज बँक बंद आहे’ हे कारण तरी इतिहासजमा झालंय. एक गंमत सांगतो. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे आणि त्यावर सरकारी क्यूआर येतो. तो बिलाच्या पडताळणीचा असतो, पैशांचा नाही. शेजारी पैशांचा क्यूआर टाकला आणि कुठला कशाचा ते लिहिलं नाही, तर माणसं सरकारी क्यूआर स्कॅन करत बसतात, काही होत नाही, आणि ‘उद्या बघू’ म्हणून बिल खाली ठेवतात. त्या उद्याला किती दिवस असतात ते तुम्हाला माहीत आहे.

कायद्याची एक ओळ

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई विकास कायदा आहे. त्यातलं १५ वं कलम म्हणतं: लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्या, पण ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर फक्त १५ दिवस. मालाबद्दल पंधरा दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं.

वरचं ब्रॅकेटचं बिल आठवा. ४ जुलैपासून ४५ दिवस म्हणजे १८ ऑगस्ट. अकाउंट्सची ‘महिनाअखेरपासून तीस दिवस’ ही साधीसुधी वाटणारी पद्धत ३० ऑगस्टला नेते. म्हणजे त्या कंपनीची नेहमीची पद्धतच कायद्याची मुदत ओलांडते, आणि बहुधा तिथे कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

मुदत ओलांडली तर १६ व्या कलमानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट ५.५ टक्के धरला तर वर्षाला १६.५ टक्के, ७०,८०० वर पहिल्या महिन्याचे साधारण ९७० रुपये. कंपनीला ते व्याज आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. शिवाय ज्यांचं ऑडिट होतं त्यांना वार्षिक हिशेबात अशा पुरवठादारांची किती रक्कम थकली आहे ते जाहीर करावं लागतं.

आणि मग ते गाजलेलं ‘त्रेचाळीस बी एच’. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली आयकरातली ही तरतूद सांगते की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल १५ व्या कलमाच्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी धरता येईल. हिच्याबद्दल एक गैरसमज पसरलाय की ४५ दिवस उलटले की खर्च गेला. तसं नाही. जुलैचं बिल सप्टेंबरात दिलं तर वर्ष तेच, खर्च मिळतो. फक्त व्याजाचा प्रश्न राहतो. चिमटा बसतो तो मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकलेलं असेल तर. म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांकडून ‘तुमचं उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचा कागद) पाठवा’ अशी पत्रं येतात.

पण हे सगळं गिऱ्हाइकाला कळणार कसं, की तुम्ही सूक्ष्म किंवा लघु आहात? बिलावरून. उद्यम नोंदणी क्रमांक आणि ‘सूक्ष्म उद्योग’ किंवा ‘लघु उद्योग’ हे शब्द जीएसटी क्रमांकाच्या खाली छापा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा अशा: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. मध्यम उद्योगांना १५ व्या कलमाचं हे संरक्षण नाही. नुसता व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. विलंबाच्या व्याजाचा हक्क तिच्यातून येत नाही.

मजकूर धमकीचा नको. ‘आम्ही उद्यम-नोंदित सूक्ष्म उत्पादक उद्योग आहोत. एमएसएमई कायद्यानुसार या बिलाची अंतिम मुदत १८ ऑगस्ट २०२५’ एवढं पुरे. मालक भीतात, गिऱ्हाइक दुखावेल म्हणून. मी त्यांना सांगतो की ही ओळ परचेस मॅनेजरसाठी नाहीच, ती त्यांच्या ऑडिटरसाठी आहे. तक्रार करायला समाधान पोर्टल २०१७ पासून आहे, असे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदा आहेत, निकालाविरुद्ध अपील करायचं तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. तरी चालू गिऱ्हाइकाविरुद्ध तिथे जाणारे विरळाच. छापील ओळ मात्र कोणाशी भांडण न करता रोज आपलं काम करते.

२४ टक्क्यांचं ते व्याज

तळाला छापलेलं २४ टक्के व्याज मी आजवर एकाही मालकाला वसूल करताना पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक आहे. जी अट कधीच अमलात येत नाही ती वाचणाऱ्याला एवढंच सांगते की इथल्या बाकीच्या अटीही अशाच असतील.

आणि दंड खरोखर लावला तर? इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांत छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी उशिराची लाज वाटायची, आता तिची किंमत ठरली होती. मोजली की झालं. दंड काढून टाकल्यावरही उशीर खाली आला नाही. स्वस्त व्याज छापणं म्हणजे असंच काहीसं: गिऱ्हाइक तुम्हाला स्वस्त बँक समजायला लागतं. व्याजाबद्दल लिहायचंच असेल तर कायद्यातलं लिहा, तो दर आपण ठरवलेला नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे वटाव. इचलकरंजीच्या कापड बाजारात लवकर पैशांसाठी रक्कम सोडणं जुनंच आहे. पण सोडण्याआधी आकडा मांडून बघा. तीस दिवसांऐवजी दहा दिवसांत दिले तर २ टक्के सूट, म्हणजे वीस दिवसांसाठी २ टक्के. वर्षाला ते सुमारे ३७ टक्के पडतात. एवढं महाग कर्ज बँकही देत नाही. खरी निकड असेल तरच, आणि सुटीची अंतिम तारीख व सूट वजा जाता रक्कम लाइट बिलासारखी छापून. नाहीतर गिऱ्हाइक पंचेचाळिसाव्या दिवशी दोन टक्के कापून पैसे पाठवतं आणि तुम्ही तेही निमूट घेता.

मोठं गिऱ्हाइक असेल तर आणखी एक दार आहे. टीआरईडीएस नावाच्या व्यासपीठांवर कंपनीने तुमचं बिल मान्य केलं की बँका त्यावर लगेच पैसे देतात, आणि मुदत आली की कंपनी बँकेला देते. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं आता बंधनकारक आहे. पण तिथेही पहिली पायरी ‘बिल मान्य’ हीच.

घरगुती गिऱ्हाइक

इलेक्ट्रिशियन, फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई, क्लासवाले, यांची गोष्ट वेगळी. इथे जीआरएन नाही, ऑडिटर नाही. आहे तो संकोच. पैसे मागायला यांना लाज वाटते आणि द्यायचं समोरच्याच्या लक्षात राहत नाही. व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटो पाठवला की तो दिवाळीच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. त्यामुळे मेसेजच्या पहिल्या ओळीतच काम, रक्कम आणि तारीख लिहा: ‘काकू, चकली दोन किलो, अनारसे एक किलो, मिळून अमुक रुपये, रविवारपर्यंत चालेल.’ खाली क्यूआर. तारीख पगारानंतरची ठेवा. २७ तारखेला पाठवलेलं बिल आणि ३ तारखेला पाठवलेलं बिल यांना वेगवेगळं नशीब असतं. ‘सवडीने द्या’ हे दोन शब्द मात्र कधीही लिहू नका. लोक तो सल्ला अक्षरशः पाळतात.

देय दिनांकाच्या आधी

बिल पाठवून मुदत संपेपर्यंत गप्प बसायचं आणि मग रोज फोन, ही आपली रीत. मी उलट करायला लावतो. बिल गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी अकाउंट्सला एकच फोन. त्यात पैशांचा विषय काढायचाच नाही. ‘बिल मिळालं का, इनवर्ड झालं का, जुळतंय ना सगळं?’ काही चुकलं असेल तर आत्ता कळेल, दुरुस्तीला पंचवीस दिवस हातात आहेत. मुदतीच्या तीन दिवस आधी बिलाची प्रत पुन्हा जोडून छोटा मेल. प्रत जोडायचीच, म्हणजे ‘जरा बिल परत पाठवा ना’ ही ठरलेली पळवाट बंद होते.

आणि नवीन गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर घेताना, दर ठरत असतानाच, त्यांच्या अकाउंट्समध्ये कोण बसतं ते विचारून घ्या. त्या माणसाला तीन गोष्टी विचारा: पेमेंट महिन्यातल्या कुठल्या तारखांना सुटतात, बिल कोणत्या मेलवर पाठवायचं, आणि कशामुळे तुमच्याकडे बिलं सगळ्यात जास्त परत जातात. तिसऱ्या प्रश्नाला तो खुर्चीत सरसावून उत्तर देतो, कारण त्याला हे आजवर कोणी विचारलेलं नसतं. एकाने मला सांगितलं होतं, सहीचा शिक्का बिल नंबरावरच मारतात हो, वाचताच येत नाही. आमच्या बिलावर त्या दिवसापासून शिक्क्याची जागा डाव्या कोपऱ्यात आहे.